तारा उगवायच्या आधी

लिफ्टशेजारच्या फळ्यावरची नोटीस मी टराटरा फाडत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, वाचू तरी द्या."

"वाचण्यासारखं काही नाही त्यात," मी मागे न बघताच म्हटलं.

"तुम्ही वाचलीत ना पण?"

"म्हणूनच फाडतेय!"

मागचा आवाज बंद झाला. मला वाटलं, गेला. पण कुठला जातोय! गुडघे कटकन वाजले आणि बघते तर एक उंच, थोडासा वाकलेला म्हातारा खाली बसून एकेक तुकडा उचलतोय. खिडकीच्या कट्ट्यावर त्याने ते सगळे तुकडे नीट जुळवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचायला लागला. "सर्व रहिवाशांना कळवण्यात आनंद होतो की... कूचोसचं जेवण... वीस डिसेंबरला... दुपारी..." तो थांबला. माझ्या मुठीकडे बघून म्हणाला, "पुढचा तुकडा तुमच्याकडे राहिलाय वाटतं."

मी मूठ उघडली. तळहातावर चुरगळलेला 'एक वाजता' होता. त्याने तो दोन बोटांनी उचलला — इतका अलगद, की मला गुदगुल्या झाल्या. त्याचा आणखीच राग आला.

"दुपारी एक वाजता?" तो म्हणाला. "तेव्हा कुठला तारा उगवलेला असतो?"

आता मात्र मी त्याच्याकडे नीट बघितलं. वर्षभर मी हेच बोंबलत होते आणि या अख्ख्या इमारतीत एकाही माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं नव्हतं.

कूचोस म्हणजे चोवीस डिसेंबरची संध्याकाळ, नाताळच्या आदली. दिवसभर उपास करायचा, पहिला तारा दिसला की टेबलाशी बसायचं. पांढऱ्या कापडाखाली वाळलेलं गवत, वर बारा पदार्थ. मांस नाही, दूध नाही; मासे चालतात. प्रार्थनेची पातळ पांढरी पापडी एकमेकांना मोडून द्यायची आणि मग पहिला घास घ्यायचा. घरातलं कुणी गेलं असेल तर त्याचीही थाळी मांडायची. आणि जेवण झाल्यावर टेबल आवरायचं नाही, कारण गेलेली माणसं मागाहून येऊन जेवतात. एवढं साधं आहे! माझ्या आजीला सही करता येत नव्हती, तिला कळायचं. आमच्या ज्येष्ठ निवासाच्या संचालिका रिमान्तेबाई दोन पदव्या घेऊन बसल्यात, त्यांना कळत नाही.

मागच्या वर्षी मी इथे नवी होते. ऑक्टोबरात माझी बहीण आनेले गेली. आम्ही दोघी जन्मभर एका घरात राहिलो. ती शिवायची, मी एकतीस वर्षं काउनस शहराच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस, डोक्यावरच्या तारांतल्या विजेवर धावणारी बस, चालवली. लग्न तिचंही झालं नाही, माझंही नाही. तिचं तिच्या लाजेपायी, माझं माझ्या जिभेपायी. ती गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून मी इथे आले. तर वीस तारखेला भर दुपारी मला सांगितलं, चला, आज कूचोस. मी मुकाट बसले. आनेलेची थाळी मांडली, शेजारी मेणबत्ती लावली. दोन वाजता एक पोरगी ट्रॉली ढकलत आली. तिने मेणबत्ती फुंकली आणि उष्ट्या ताटांबरोबर आनेलेची थाळी खरकट्याच्या बादलीत उपडी करून निघून गेली. मी काही बोलले नाही. आयुष्यात एकदाच मी काही बोलले नाही, आणि ते वर्षभर मला आतून जाळतंय.

हे सगळं मी त्या माणसाला लिफ्टसमोर उभ्या उभ्या सांगितलं. लिफ्ट तीनदा आली आणि गेली. शेवटी तो म्हणाला, "मी येरोनिमस. घोड्यांचा डॉक्टर होतो. मागच्याच आठवड्यात आलो. तिसरा मजला."

"झिता. माझाही तिसराच."

"म्हणजे आपण शेजारी."

"त्यात माझा काय दोष?"

तो हसला. त्याच्या पांढऱ्या दाट भुवया हसताना वर जायच्या आणि तिथेच थोडा वेळ राहायच्या. "चाळीस वर्षांत लाथा मारणारे पुष्कळ बघितले, झिताबाई. कान मागे टाकलेले, नाकपुड्या फुललेल्या... पण एवढा राग? वा!"

"घोडीशी तुलना करताय माझी?"

"छे, छे. घोडीला वाईट वाटेल."

तेव्हाच त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. मी हसले. मग हसले म्हणून स्वतःवरच चिडले आणि जिन्याने वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिमान्तेबाईंच्या खोलीत धडकलो. म्हणजे धडकले मी. डॉक्टर माझ्यामागून आले आणि दार हळूच लावून घेतलं.

"झिताबाई," रिमान्तेबाई डोळे चोळत म्हणाल्या, "माझ्याकडे चौदा मुली कामाला आहेत. त्यांनाही घर आहे, लेकरं आहेत. चोवीसला त्यांनी घरी जायचं नाही?"

"जाऊ दे की! मी अडवलंय? पण सण जिथे आहे तिथे राहू दे. सण म्हणजे काय बस आहे, आधी सोडायला?"

"चोवीसला निम्म्याहून जास्त लोक मुलांकडे जातात. इथे उरतात अकरा जण. अकरा जणांसाठी..."

"अकरा जण काय खुर्च्या आहेत?"

"त्यांना गरम सूप असतं ना. टीव्ही असतो."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की त्यांच्या टेबलावरचं ते नाताळचं झाड — प्लॅस्टिकचं! — खिडकीबाहेर फेकायला मी हात उचललाच होता. डॉक्टरांनी माझं कोपर धरलं आणि मला बाहेर घेऊन आले. बाहेर आल्यावरही कोपर सोडलं नाही.

"स्वयंपाक येतो?" त्यांनी विचारलं.

"येतो म्हणजे? आनेले शिवायची, मी रांधायची."

"मग आपणच करू. चोवीसलाच. तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्या स्वयंपाकघरात."

"तारा उगवल्यावर?"

"तारा उगवल्यावर."

"बारा पदार्थ?"

"बारा."

"आणि टेबलाला कुणी हात लावायचा नाही."

"कुणी लावला तर मी चावेन," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "दात माझे नाहीत, पण मजबूत आहेत."

मग काय सांगू! दोन आठवडे तिसरा मजला नुसता गजबजून गेला. डॉक्टरांचा एक जुना विद्यार्थी तबेला चालवायचा, त्याच्याकडून खरं गवत आणायचं ठरलं. मी मागे राहणाऱ्या अकरा जणांच्या दारांवर नियमांचा कागद चिकटवला. एक, तारा दिसेपर्यंत पोटात काही नाही. दोन, मांस नाही. तीन, दूध नाही. चार, ज्याचं कुणाशी भांडण असेल त्याने ते आधी मिटवावं, मनात राग ठेवून कूचोसला बसता येत नाही. चौथा नियम वाचून एक्क्याण्णव वर्षांच्या आपोलोनियाआजी काठी टेकत शेजारच्या खोलीतल्या आजोबांकडे गेल्या आणि रेडिओच्या आवाजावरून सहा महिने बंद असलेलं बोलणं पुन्हा सुरू करून आल्या. "बोलले एकदाची त्या बोक्याशी," मला म्हणाल्या. "तुझ्यामुळे."

रोज दुपारी डॉक्टर माझ्यासमोर बसून खलबत्त्यात खसखस कुटायचे. भिजवलेली खसखस कुटून कुटून तिचं पांढरं दूध निघेपर्यंत हात मोडून येतो. चोवीसआधी सराव म्हणून आम्ही तीनदा केलं.

"जोरात कुटा की! बाळाला थोपटताय का?"

"तुम्ही ओरडा, झिताबाई. तुम्ही ओरडलात की माझा हात चांगला चालतो."

ते म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी बिटाकडे बघायचे. बीट सोलताना हात लाल होतात. चेहऱ्यालाही लागलं असेल, दुसरं काय!

पंधरा तारखेला आम्ही बाजारात गेलो. पाऊस पाडायचा की बर्फ, ते आभाळालाच ठरवता येत नव्हतं. दोन्ही मिळून काहीतरी पांढरट, चिकट पडत होतं. छत्री एकच, माझी. उंच माणसाने धरावी म्हणून मी त्यांच्या हातात दिली.

"छत्री सरळ धरा!"

"सरळच आहे."

"मग तुमचा खांदा कसा भिजतोय?"

"खांदाच वाकडा आहे हो."

वाळलेल्या अळंबीच्या माळा घेतल्या, खारवलेला हेरिंग मासा घेतला, क्रॅनबेरी घेतल्या. परत येताना थांब्यापाशी बघते तर सात नंबरची ट्रॉलीबस रस्त्याच्या मधोमध बंद. टपावरचे दोन्ही दांडे तारांवरून निसटलेले, आणि चालक पोरगी मागे उभी राहून रडकुंडीला आलेली. मी पिशवी डॉक्टरांच्या हातात कोंबली.

"बाजूला हो. दोर असा धरतात? नाचायला निघालीयस का? पाय रोव! आता ओढ, आता सोड — हळू!"

दोन मिनिटांत दांडे तारेला लागले, आतले दिवे लागले, प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी "थँक्यू आजी" म्हणाली. मी म्हटलं, "आजी कुणाला म्हणतेस गं?" आणि वळले.

डॉक्टर छत्री खाली करून भिजत उभे होते. माझ्याकडे असं बघत होते... असं माझ्याकडे कुणी बघितल्याचं मला आठवत नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझी दोराने काळी झालेली बोटं एकेक करून पुसायला लागले. करंगळीपासून सुरुवात केली. अंगठ्यापर्यंत यायला फार वेळ लावला.

"झिताबाई," माझ्या हाताकडेच बघत ते म्हणाले. "समजा... मी इथून गेलो. तर तुम्हाला काही वाटेल?"

छातीत काहीतरी हललं. आणि आत काही हललं की माझं तोंड आधी चालतं, जन्मापासून.

"मला काय वाटायचंय? तेवढीच अळंबी जास्त उरेल!"

"हो..." ते म्हणाले. "तेही खरंच." रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली.

तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला हवं होतं. मी पिशवीतला हेरिंग सांडत नाही ना, ते बघत होते.

मग आली वीस तारीख, दुपारी एक. जेवणघरात बाहेरून लख्ख उजेड येत होता, त्यात मेणबत्त्या लावलेल्या. कापडाखाली गवत म्हणून रंगीत कागदाच्या पट्ट्या. पदार्थ बारा भरावेत म्हणून मोहरीचा सॉस मोजलेला. आणि खसखशीच्या दुधात चक्क गाईचं दूध! मी हाताची घडी घालून बसले. सगळ्यांनी पापडी मोडली. रिमान्तेबाई माझ्यासमोर पापडी घेऊन उभ्या राहिल्या. मी भिंतीकडे बघितलं. भिंतीकडून नजर वळवून बघते तर काय — शेजारी डॉक्टर खातायत! चवीनं. दुसऱ्यांदा वाढून घेतायत!

"लाज नाही वाटत?" मी दातओठ खात विचारलं.

"स्वयंपाकघरातल्या पोरी पहाटे चारला उठल्यात," ते हळूच म्हणाले. "आणि... झिताबाई, मी तुम्हाला सांगणार होतो..."

काय सांगणार होते, ते रिमान्तेबाईंनी पेला वर करून सगळ्यांना सांगितलं. "आज आपण आपल्या डॉक्टरांना निरोपही देतोय. चोवीसला त्यांची लेक वाइदा त्यांना न्यायला येतेय. डब्लिनला, तिच्या घरी, कायमचं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या कानफटात मारल्यासारख्या लागल्या.

"चोवीसला?" मी म्हटलं. "आपलं चोवीसला..."

"तिने परस्पर ठरवलं. चौदाला फोन आला होता. दुसऱ्या दिवशी बाजारात मी तुम्हाला..."

"जा ना मग!" मी उठले. खुर्ची मागे पडली. "जा! डब्लिनला जा, चंद्रावर जा! इथे कुणी तुमचे पाय धरलेले नाहीत!"

चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांची पावलं दारापाशी यायची, थांबायची... आणि जायची. एकवीसला सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याशी गवताचं पोतं. खरं गवत, उन्हाळ्याच्या वासाचं, मधे मधे वाळलेली जांभळी फुलं. मी ते पोतं लाथेने आत ढकललं, दार धाडकन लावलं, आणि मग त्या पोत्यात तोंड खुपसून रडले. रागाने. राग होता तो, सांगून ठेवते.

चोवीसला दुपारी सगळं तयार होतं. बिटाचं सार, अळंबी, हेरिंग, मटार, सफरचंदं, खसखशीचं दूध आणि त्यात बुडवायची गोळीएवढी बिस्किटं... एक एक करून बाराही. कापडाखाली गवत पसरलं. आनेलेची थाळी मांडली; मागच्या वर्षीची तिची राहून गेली होती. साडेतीन वाजले होते. आभाळ गच्च भरलेलं, तरी उजेड होता. आठ जण येऊन भिंतीला लागून बसले, भुकेने एकमेकांकडे बघत. आपोलोनियाआजी दाराशी काठी आडवी धरून उभ्या राहिल्या.

"झिता, डॉक्टरशी बोललीस का?"

"नाही."

"मग तुला टेबलाशी बसता यायचं नाही."

"आजी, ते चालले. आता कशाला..."

"चौथा नियम." त्यांनी झग्याच्या खिशातून माझाच कागद काढला. "अक्षर तुझंच ना? मी त्या बोक्याशी बोलले. तू कोण लागून गेलीस?"

भिंतीजवळून तो बोका म्हणाला, "बरोबर आहे आजींचं."

मी त्यांना असं काही ऐकवणार होते! पण काय ऐकवणार? वर्षभर मी लोकांना ओरडून सांगत होते, सण म्हणजे सण, नियम म्हणजे नियम, सोयीप्रमाणे वाकवायचा नाही. आणि आता माझीच पाळी आली तर? मी खिडकीतून खाली बघितलं. दारात लाल गाडी उभी होती. एक चाळिशीची बाई डिकीत बॅग ठेवत होती.

लिफ्ट नेमकी तळमजल्यावर. मी जिन्याने धावले — चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सपाता घालून, एप्रनसकट. फाटकापाशी पोहोचले तेव्हा गाडी सुरू झाली होती. एकतीस वर्षं मी लोकांवर ओरडले की गाडीसमोर उभं राहू नका. मी दोन्ही हात पसरून गाडीसमोर उभी राहिले.

करकचून ब्रेक लागला. काच खाली झाली. "अहो बाई, मरायचंय का?" लेक किंचाळली.

पलीकडचं दार उघडलं आणि डॉक्टर उतरले. डोक्यावर टोपी नाही, भुवयांवर बर्फ पडायला लागलेलं.

"भांडण मिटवायला आलेय!" मी ओरडले.

"आवाजावरून वाटत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मधे बोलू नका! मला धाप लागलीय, एकदाच बोलणार आहे. तुम्ही बाजारात विचारलंत ना, काही वाटेल का? मी खोटं बोलले. वाटेल! तुमच्या बंद दारावरून जाताना रोज वाटेल. खलबत्ता बघून वाटेल. ती मेली अळंबी माझ्या घशाखाली उतरणार नाही. मी आयुष्यात कुणाला थांब म्हटलं नाही. आनेलेलासुद्धा नाही. ती मरत होती आणि मी तिच्यावर ओरडत होते, ऊठ म्हणून... मला दुसरं येतच नाही. नका जाऊ हो, येरोनिमस. माझं प्रेम आहे तुमच्यावर, आणि त्याचा मला भयंकर राग आलाय!"

गाडीचे वायपर तेवढे चालू होते.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "ह्याच का झिताबाई?"

"ह्याच."

"महिनाभर फोनवर दुसरं काही ऐकलं नाही मी! आज झिताबाई अशा चिडल्या, आज झिताबाई तशा चिडल्या. आणि मी विचारलं, बाबा, तुम्हाला तिथेच राहायचंय का, तर म्हणे, नको, इथे कुणाला फरक पडत नाही!"

"मला तसं सांगण्यात आलं होतं," डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले.

मी एप्रनच्या खिशात हात घातला. निघताना टेबलावरून उचललेली पापडी जिन्यात धावताना चिरली होती, पण अजून एका तुकड्यात होती. मी ती पुढे धरली.

"झिताबाई," ते म्हणाले, "तारा नाही उगवला अजून."

"दिसतंय मला!"

"उजेड आहे."

"डोळे आहेत मला! मोडा म्हणते ना!"

त्यांनी मोडली. त्यांच्या वाट्याचा तुकडा त्यांनी खाल्ला, माझ्या वाट्याचा मी. बर्फाने ओला झाला होता, जिभेवर लगेच विरला. भर उजेडात, तारा नसताना, उपास मोडून मी झिताने पापडी खाल्ली. मग त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि तळहातांवर ओठ टेकवले. लेक तोंड वळवून रडत होती की चिडली होती, कळेना.

"विमान चुकेल," ती म्हणाली. चिडलीच होती. "मी दोन वर्षं एकटी राहतेय, बाबा. मला वाटलं, तुम्ही आलात की..."

"येईन," डॉक्टर म्हणाले. "तुझ्यासोबत येईन, महिनाभर राहीन. पण नाताळ झाल्यावर, आणि पाहुणा म्हणून. घर माझं इथे आहे, बाळा."

"वर बारा पदार्थ आहेत," मी तिला सांगितलं. "गाडी बाजूला लाव आणि चल."

"मी हेरिंग खात नाही."

"खाशील."

परत जाताना दारात रिमान्तेबाई उभ्या होत्या. कामवाल्या सगळ्या मुलींना घरी पाठवून त्या स्वतः सूपची ट्रॉली घेऊन निघाल्या होत्या. एकट्या. मला बघून त्यांनी खांदे आखडले, ओरडा खायच्या तयारीने.

"तुमच्याशीही माझं भांडण आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे, झिताबाई."

"मिटलं. पुढच्या वर्षी त्या दुधात दूध घालाल तर पुन्हा सुरू होईल. चला जेवायला."

तारा काही दिसेना. ढग हलायला तयार नव्हते. अंधार पडला, आम्ही सगळे खिडकीला नाक लावून उभे.

"तो बघा!" डॉक्टर म्हणाले.

"ती बॉयलरच्या चिमणीवरची बत्ती आहे. लाल आहे!"

"माझ्या डोळ्यांना तारा दिसतोय."

मागे अकरा पोटं गुरगुरत होती. मी पुन्हा एकदा बघितलं. "असेल," मी म्हटलं. "बसा."

बिनलग्नाच्या मुलींनी कापडाखालून गवताची काडी ओढायची असते. लांब निघाली तर नवरा उंच. "झिता, ओढ," आपोलोनियाआजी म्हणाल्या, "इथे दुसरी कुणी बिनलग्नाची नाही." वाइदा तोंडावर रुमाल धरून हसायला लागली. डॉक्टरांनी एक काडी केव्हाच माझ्याकडे सरकवून ठेवली होती, मला दिसलं होतं. मी तीच ओढली. हातभर लांब निघाली, टोकाला जांभळं फूल.

जेवणं झाली. रिमान्तेबाई सवयीने उठल्या आणि त्यांचा हात आनेलेच्या थाळीकडे गेला. डॉक्टरांनी नुसत्या भुवया वर केल्या. रिमान्तेबाईंचा हात थबकला. त्यांनी आनेलेची विझत आलेली मेणबत्ती उचलली, नवी लावली, आणि रिकामी ट्रॉली ढकलत निघून गेल्या. टेबल तसंच राहिलं, सगळं मांडलेलं. मी आनेलेच्या थाळीत आणखी दोन अळंब्या वाढल्या. तिला आवडायची.

सगळे पांगले. डॉक्टर दारापाशी घुटमळले. त्यांची खोली माझ्या खोलीपासून दोन दारं सोडून.

"झिताबाई," ते म्हणाले, "मी आता जरा माझ्या खोलीत गेलो... तर तुम्हाला काही वाटेल?"

"जाऊन तर बघा!" मी म्हटलं.